परक्याचं जॅकेट

जिवंत कातडीला पडलेलं भोक भरून येतं. कमावलेल्या चामड्याचं येत नाही.

कसर लोकर खाते, सुताला तोंड लावत नाही. तिचीही आवडनिवड आहे.

शाळेचा स्वेटर बाटलीच्या काचेसारखा हिरवा होता.

नळवाल्यांकडे हल्ली एक कॅमेरा असतो. बोटापेक्षा बारीक, तोंडाशी दिवा, मागे लांबलचक शेपटी. पाइपात घालतात आणि पडद्यावर बघतात, कुठे काय अडकलंय.

आळशी शिंपी जुनी शिवण उसवत नाही. तिच्यावरूनच नवी चढवतो.

काही मुलांना फाटकाला कडी असते हे कधी कळतच नाही.

काही घरांत ‘बघू’ म्हणजे ‘नाही’.

चादर

जॅकेट आलं ते जुन्या सुती चादरीत गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसं. आणलं भाचीने, पण चादरीचं एक टोक आत्याच्या मुठीत होतं. संग्रहालयाचा जिना दोघी तशाच चढल्या. एक पुढे, एक मागे, मध्ये चादर.

वरच्या मजल्यावरच्या या खोलीत पूर्वी विमानांना द्यायच्या रंगाचे डबे ठेवत. आता खिडक्यांना जाड पडदे, भिंतीवर हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र आणि मधोमध खाटेएवढं टेबल. टेबलाशी डोळ्याला भिंग लावलेली एक बाई. जुनी लष्करी चामडी जॅकेटं, त्यातही विमानात बसणाऱ्यांची, ओळखायची आणि टिकवायची हे तिचं काम. समोर मास्तर, म्हणजे शिंपी. ते तिला डॉक्टरीणबाई म्हणत, कारण ती पांढरे हातमोजे घालून पेशंटकडे नुसती बघत बसते आणि औषध मात्र देत नाही, अशी त्यांची जुनी तक्रार.

“चहा, पाणी, तेल, पॉलिश, या टेबलाजवळ काही चालत नाही,” खुर्च्या पुढे करत मास्तर म्हणाले. “मीसुद्धा कसाबसाच चालतो.”

भाची हसली. आत्या हसली नाही. ऐंशीच्या पुढची, बारीक चणीची ती बाई अजून मूठ सोडत नव्हती.

“माझ्या मोठ्या काकांचं आहे,” भाची म्हणाली. “लढाईत विमानासकट गेले. आमचे बाबा तेव्हा रांगत होते, त्यामुळे काकांना खरं ओळखणारी ही आत्याच एकटी उरलीये. हॉलमध्ये काचेच्या पेटीत लावायचंय. तेव्हा जरा चकाचक करून, ते काखेत फाटलंय तेवढं शिवून...”

“कुणाचं आहे ते सांगा,” आत्या म्हणाली.

“अगं, काकांचं!”

“तुला नाही विचारलं.”

डॉक्टरीणबाईने भिंग कपाळावर सरकवलं. असा प्रश्न तिला रोज विचारला जाई, पण नेहमी उलट्या बाजूने. लोक नाव घेऊन येत आणि म्हणत, हे नाव खरं करून द्या.

“तू खाली जाऊन गाडी सावलीत लाव,” आत्या भाचीला म्हणाली.

“गाडी सावलीतच आहे.”

“मग उन्हात लाव.”

फाटक

भाचीच्या चपलांचा आवाज खाली पोचेपर्यंत आत्या थांबली.

“दादा शेवटचा सुट्टीवर आला, तेव्हा मी शाळेत होते. हेच, म्हणजे असंच जॅकेट अंगात. फाटक उघडायचं सोडून त्यावरून उडी. लहानपणापासून तेच. खिळ्यात डावी बाही अडकली आणि ही मनगटाची विणलेली पट्टी शिवणीपाशी टरकन् फाटली. आई घरात नव्हती. आली असती तर वैमानिकाचाही कान पिळला असता तिने. मी रफू करून दिलं. तपकिरी लोकर नव्हती, मग होती त्या हिरव्याने केलं. पक्कं व्हावं म्हणून सुई पार शिवणीच्या आतपर्यंत घातली. दादा म्हणाला, झकास, आता वर ढगात कुणीही ओळखेल मला.”

“मग?”

“मग तो गेला आणि पुढे तळावर राहिलेल्या त्याच्या सामानाचं पार्सल आलं. आईने ते छातीशी धरलं, तेव्हा मी आधी डावी बाही बघितली.” आत्याने मूठ उघडून चादर सोडली. “पट्टी साफ होती. हिरवा धागा नाही, रफू नाही, काही नाही.”

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या त्यांनी काढून ठेवल्या.

“आईला सांगितलंत?” डॉक्टरीणबाईने विचारलं.

“आई ते उशाशी घेऊन झोपायची. काय सांगणार?” तिने चादरीची एक सुरकुती सरळ केली. “गडबडीत अदलाबदल झाली असेल. पण मग दुसरी कुणीतरी आई असेलच ना, जिच्याकडे काहीच पोचलं नाही. आमची आई गेल्यावर परत करायचं मनात होतं. पण कुणाला? छातीवर नाव असायचं तिथे नुसती भोकं. आता मीही काही फार दिवसांची सोबती नाही. मी गेल्यावर ही पोरगी काकांचं म्हणून भिंतीवर लावून टाकेल. तुम्ही बघा. आमचं नसेल तर ज्याचं आहे त्याच्या घरी जाऊ दे. त्या घरात आज कुणीही असो.”

“आणि कळलंच नाही तर?”

“तर तसं सांगा. खोटा धीर नको. तो मला आयुष्यभर पुरलाय.”

खांदे

नकली जॅकेटं कोपरावर जुनी असतात. बनवणारा वाळूच्या कागदाने घासतो तेव्हा त्याला कोपरच आठवतं. खरं जॅकेट खांद्यावर जुनं होतं, कारण हवाई छत्रीचे पट्टे तिथून जातात. पाठीच्या खालच्या भागात झिजतं, कारण माणूस तासन्‌तास टेकून बसलेला असतो.

हे खांद्यावर झिजलं होतं. घोड्याचं चामडं, गुळगुळीत, हातावरच्या रेषांसारख्या बारीक सुरकुत्यांचं. चेन पितळी, दातांच्या मुळाशी हिरवट गंज. मानेच्या आत कापडी चिठ्ठी होती, तिच्यावरची अक्षरं घामाने केव्हाच नेलेली. चिठ्ठीचे चारही कोपरे मात्र पहिल्याच दोऱ्याने शिवलेले.

“खरं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

“खरं आहे हे आत्यालाही ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले. “खऱ्या कुणाचं, एवढाच घोळ आहे.”

छाती

नावाची पट्टी शिवायची जागा डाव्या छातीवर असते. तिथे भोकांची एक चौकट होती. दिवा तिरका धरल्यावर तिच्या आत दुसरी दिसली, थोडी लहान आणि जराशी वाकडी.

दोन चौकटी म्हणजे दोन पट्ट्या. दोन पट्ट्या म्हणजे बहुतेक दोन माणसं.

आठवड्याने आत्या आली तेव्हा डॉक्टरीणबाईने ते जसंच्या तसं सांगितलं. आत्याने मान हलवली. वाईट बातमीची सवय असलेली माणसं हलवतात तशी, पटकन.

तेल

त्या दिवशी भाची भडकली होती. आत्याने तिला घरी सगळं सांगून टाकलं होतं.

“इतकी वर्षं गप्प! मी लहानपणी मैत्रिणींना दाखवायला मागितलं की ‘बघू’. बाबा कॉलेजात असताना त्यांना घालायचं होतं, तर ‘बघू’. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही, हे आम्ही दूध पितानाच शिकलो. पण का नाही, ते आज कळतंय!”

“दुसऱ्याचं कसं घालायला देऊ?” आत्या म्हणाली.

“निदान तेलपाणी तरी करायचं. बूटसुद्धा माणूस पॉलिश करतो.”

“दुसऱ्याच्या वस्तूला आपलं तेल कशाला? आईच्या मागे मी ते चादरीतून फक्त चादर बदलायला काढलं. आडवं ठेवलं, घडी घातली नाही. घडी पडली आणि कुणी न्यायला आलं, तर काय म्हणेल?”

डॉक्टरीणबाई हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघायला लागली. मग कपाटातून एक खोका काढून तिने उघडला. आत दुसरं जॅकेट होतं, त्याच काळातलं. काळंकुट्ट, चिकट, कॉलरपाशी केकसारखं फुटलेलं.

“हे एका मुलाने वडिलांचं म्हणून जपलं,” ती म्हणाली. “दर वर्षी तेल. पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी. सणासुदीला अंगात घालून फोटो. फार माया केली. तेलाने चामडं फुगलं, शिवणीचा दोरा कुजला, प्लास्टिकमध्ये घाम धरला. याचं आता काही होत नाही.” तिने झाकण लावलं. “तुमच्या आत्यांनी जे केलं, तेच आम्ही शिकवतो. लोकांना ते जमत नाही, कारण वस्तू त्यांची असते.”

भाचीने आत्याची शाल उगाचच नीट केली.

डावी बाही

“मास्तर, इकडे या. हे बोटांनी बघा.”

मास्तरांनी मनगटाची शिवण अंगठा आणि तर्जनीत धरली. मग उजव्या बाहीची धरली. पुन्हा डावी.

“दोन्हीकडे जाड लागतंय.”

“टाक्यांच्या रांगा बघा.”

भिंगाखाली एक बारीक रांग होती, सरळ, शहाण्या मुलाच्या भांगासारखी. तिच्या किंचित वर दुसरी. टाके लांब, दोरा जाड, एका ठिकाणी चक्क घसरलेली.

“पट्ट्या बदलल्यात!” मास्तर म्हणाले. “घरात कुणी बदलल्या?”

“आमच्या घरात कुणी हात लावला नाही,” आत्या म्हणाली.

“मग घरी यायच्या आधी. फौजेच्या कोठारातच. ढीगभर जॅकेटं समोर, मागे कुणीतरी ओरडणारा. आणि शिंपी काय दिव्य! जुनी पट्टी उसवून काढायला हवी होती. या भल्या माणसाने ती शिवणीलगत कापली, बुडखा आत तसाच ठेवला आणि वरून नवी दामटली. माझ्या हाताखाली असता तर...” बोलता बोलता ते थांबले.

डॉक्टरीणबाईने बाही पुन्हा दिव्याखाली घेतली.

“बुडखा आत आहे,” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाली.

“सुई शिवणीच्या आतपर्यंत घातली होती,” आत्या म्हणाली. आवाज इतका लहान की भाचीने वळून बघितलं.

“थांबा,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “पट्ट्या बदलल्या म्हणजे ते तुमचंच, असं नाही. तुमचं नाहीच, असं आता म्हणता येत नाही. एवढंच.”

“एवढंही मला कधी कुणी दिलं नव्हतं.”

चार टाके

मास्तरांचं म्हणणं: चार टाके उसवू. चारच. वरच्या गाढवाचे, खालच्या पहिल्या शिंप्याचे नाही. बघू आणि त्याच भोकांतून परत घालू. आयुष्य गेलंय यात.

डॉक्टरीणबाईचं म्हणणं: नाही. मनगटाशी चामडं कोरडं पडलंय, कडेला भुगा सुटतोय. दोन रांगांची भोकं जवळजवळ आहेत. टाका ताणला तर भोकाभोकाने फाटत जाईल, पोस्टाची तिकिटं फाडतो तसं. जे परत होतं तसं करता येत नाही, ते आपण करत नाही.

“तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा, बाई. समोर माणूस बसलंय.”

“मला दिसतंय, मास्तर.”

“शेवटी वस्तू कुणाची? त्यांनाच विचारू.”

दोघांनीही आत्याकडे पाहिलं. भाचीने तर तिचा हातच धरला. “आत्या, हो म्हण. चार टाके म्हणजे काय! एकदाचं कळून तर जाईल.”

आत्या बाहीकडे बघत राहिली. हात पुढे झाला, चामड्याच्या जरा अलीकडे थांबला आणि मागे आला. तिला हवं होतं ते एका शिवणीपलीकडे होतं.

“नको,” ती म्हणाली.

“अगं!”

“वस्तू कुणाची, हेच तर ठरायचंय. आणि आत काहीच निघालं नाही तर? दुसऱ्याचं जॅकेट फाडून ठेवलं मी, असं होईल. इतकं जपून शेवटी फाडायचं?” तिने पदराने नाक पुसलं. “राहू दे. कळलं नाही असं समजेन.”

मास्तर खाली बसले. मग म्हणाले, “बरं, दुसरं काम तरी करतो. ते काखेतलं अस्तर फाटलंय, तेवढं...”

सुईत दोरा ओवून त्यांनी बाही वर उचलली. काखेत अस्तराला हातभर नाही, पण वीतभर फट होती. सुई अस्तराला टेकणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाईने त्यांचं मनगट धरलं.

“शिवू नका.”

“आता हेही नको?”

“ही फट कुठे जाते, मास्तर?”

मास्तरांनी फटीकडे पाहिलं. मग बाहीकडे. मग हसायलाच लागले. अस्तर आणि चामडं यांच्यामधली वाट. काखेतून निघायचं ते थेट मनगटाच्या शिवणीशी, एकही टाका न मोडता.

“हात जाणार नाही,” ते म्हणाले. “उंदीर जाईल.”

“उंदीर नको. खाली बाथरूममध्ये सकाळपासून नळवाला आलाय ना?”

काख

“हा गटारात घालायचा कॅमेरा आहे हो,” नळवाला दारातूनच म्हणाला. “नंतर मला सांगू नका, वास आला म्हणून.”

कॅमेरा स्पिरिटने पुसला, वाळू दिला, परत पुसला. डॉक्टरीणबाईने त्याला मऊ पातळ कागदाची टोपी चढवून फक्त भिंग आणि दिवा उघडा ठेवला. नळवाल्याने आयुष्यात आपल्या हत्याराचे इतके लाड पाहिले नव्हते. तो जायला तयार नव्हता. मास्तरांनी बाही आतून जराशी फुगवून धरली, आणि शेपटी हळूहळू फटीत जायला लागली.

पडद्यावर आधी नुसता तपकिरी अंधार. मग अस्तराची वीण, जवळून मच्छरदाणीएवढी मोठी. चामड्याची आतली बाजू, केसाळ, एखाद्या जनावराच्या पोटासारखी.

“डावीकडे,” नळवाला म्हणाला. “अडकलंय तिथे. घाई नको. पाइप असो नाहीतर कोट, घाई केली की फुटतं.”

“तुम्हीच इथे नोकरीला या,” डॉक्टरीणबाई पुटपुटली.

कोपर गेलं. वाट अरुंद झाली. मग समोर एक भिंत आली. शिवण. जाड दोऱ्याचे लांब टाके, मागे बारीक टाके, आणि दोन्हींच्या मध्ये चेपून बसलेली एक चिंचोळी लोकरीची कड. न उजेड लागलेली, न कसरीला सापडलेली. तपकिरी, तपकिरी, तपकिरी.

भाचीने श्वास धरला होता, तो सोडला.

“अजून थोडं फिरवा,” आत्या म्हणाली. “अंगठ्याच्या बाजूला. खिळा तिथे लागला होता.”

नळवाल्याने शेपटी दोन बोटांत फिरवली.

तिथे हिरवं होतं.

बाटलीच्या काचेसारखं हिरवं, कालच ओवल्यासारखं. एक आडवा टाका, एक उभा. मध्ये एक गाठ, गरजेपेक्षा फार मोठी.

“गाठ मोठीच मारायचे मी,” आत्या म्हणाली. “आई ओरडायची, गाठ आहे की बोर.”

नळवाल्याने पडदा तिच्याकडे वळवला आणि उगाचच टोपी काढली.

हात

“मोजे काढू का?” बऱ्याच वेळाने आत्याने विचारलं. टेबलाजवळ येताना सगळ्यांना घालावे लागतात, तसे पांढरे मोजे तिच्याही हातांत होते.

डॉक्टरीणबाईने आजवर कुणाला हो म्हटलं नव्हतं. “आधी हात धुऊन या,” ती म्हणाली. “आणि कोरडे करा. अगदी कोरडे.”

आत्या हात धुऊन आली. जॅकेटपाशी उभी राहिली आणि डाव्या बाहीवर तिने एक चापट मारली. हलकीच, पण चापटच.

“गाढवा! पट्टी बदलली तर कळवायला काय झालं होतं? दोन ओळी टाकायच्या. इतकी वर्षं परका म्हणून तुला हात लावला नाही मी!”

मग तो हात तिथेच राहिला.

मास्तर पाठ फिरवून टाचण्या रंगाप्रमाणे लावत बसले. टाचण्या सगळ्या एकाच रंगाच्या होत्या.

खोका

भिंतीवर लावायचं नाही, हे भाचीला समजावायला फार वेळ लागला नाही. उजेडाने रंग जातो, टांगलं की खांदे ओघळतात. खोका मोठा हवा, घडी न घालता मावेल असा. बाह्यांत मऊ कागद भरायचा, माणसाचे हात असतील इतपत. तेल नाही, प्लास्टिक नाही, काखेची फट शिवायची नाही. भिंतीवर फोटो लावा. हवं तर पडद्यावरच्या हिरव्याचासुद्धा.

“आणि त्या दोन चौकटी?” आत्याने विचारलं. “दादाच्या आधी कुणाचं तरी होतं म्हणायचं.”

“बहुतेक. कोण ते सांगता येत नाही.”

“असेल. दादाला सगळं वापरलेलंच मिळायचं. पुस्तकंसुद्धा.” ती विचार करत राहिली. “खाली काचेत तुम्ही वस्तूशेजारी पाटी लावता ना? तिच्यावर दादाचं लिहा. आणि त्याच्याआधी आणखी एकाचं होतं, हेही लिहा. कुणी यायचं असेल, तर यायला वाट हवी.”

“म्हणजे तुम्ही हे संग्रहालयाला देताय?” डॉक्टरीणबाईने विचारलं. तिने स्वतःहून हे कधीच मागितलं नव्हतं.

“आत्तापर्यंत कसं देणार? माझं नव्हतं. आता माझं आहे, आता देता येईल. पण एक हिवाळा घरी राहू दे. उशाशी नाही, खोक्यातच ठेवीन. मग पाठवते.”

“म्हणजे बघू?” भाची म्हणाली.

“बघू नाही. पाठवते.”

खाली उतरताना खोका भाचीने धरला होता. आत्याच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून ती जिन्याचा कठडा धरून उतरली. संग्रहालयाचं फाटक उघडंच होतं. ती त्याच्याकडे क्षणभर बघून हसली आणि बाहेर पडली.

रफूला लोकर हवी म्हणून तिने शाळेचा स्वेटर उसवला होता. त्या वर्षी त्याची डावी बाही मनगटापर्यंत पोचत नव्हती.